पाळकाने आधी ऐकावं

रविवारच्या उपासनेत पाळकाला मंडळी दिसते ती धुतलेल्या कपड्यांत, गीताचं पुस्तक उघडून बसलेली. तीच माणसं सोमवारी कुठे असतात? आपल्या वर्धा जिल्ह्यात दिवाळीनंतर ती कापूस वेचायला शेतात असतात, हिंगणघाटच्या बाजारात गाडी रिकामी होण्याची वाट पाहत उभी असतात, सावंगीच्या नाहीतर सेवाग्रामच्या दवाखान्यात कुणाच्या तरी उशाशी बसलेली असतात. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये शेतकरी आत्महत्यांनी पोळलेले विदर्भातले जे सहा जिल्हे होते, त्यांत वर्धा होता. अशा जिल्ह्यातल्या पाळकाला कुणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, कुणी दोन दिवस चूल पेटवली नाही, हे ठाऊक नसेल, तर त्याचं प्रवचन कितीही अभ्यासपूर्ण असो, ते कानापर्यंत येऊन थांबतं.

या बाबतीत मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. ते नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणं सुरू झालं ते संस्कृत कवितेवर. टिळकांना जे प्रिय होतं, त्यापासून. नवा करार हाती आला तो त्यानंतर. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पाळक झाल्यावर त्यांनीही तीच रीत धरली. विलायती चालींवर तोंडातल्या तोंडात गाणाऱ्या मंडळीच्या हाती त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन दिलं. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिलाही जात्यावर बसून म्हणता येईल अशी गीतं लिहिली. उपासनेत ती बाई आता पाहुणी राहिली नाही. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पगार आणि हुद्दा यांमुळे पाळक आणि माणसं यांच्यात जी भिंत उभी राहते, ती त्यांना सलत होती. आजच्या प्रत्येक पाळकाने पगार सोडावा, असं मी म्हणणार नाही. त्याच्याही घरी लेकरं आहेत. पण ती भिंत आहे, हे त्याने मान्य करावं.

दुसरं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. 1939 मध्ये संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात आले, तेव्हा महारोगाने त्यांचं शरीर पोखरलं होतं. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला तेल लावलं. हे आपण सगळे सांगतो. पण पुढचं मला अधिक महत्त्वाचं वाटतं: त्याच शास्त्रीबुवांना त्यांनी आश्रमातलं एक लग्न लावायला बसवलं. ज्याच्या सावलीला लोक भीत होते, त्याच्याकडून मंत्र म्हणवून घेतले. सेवा करणं सोपं नाही, पण सेवा घेणाऱ्यालाच मानाचं काम देणं त्याहून कठीण.

म्हणून पाळकबंधूंना माझी कळकळीची विनंती आहे. घरभेटीला जा, पण प्रार्थना उरकून चहा घेऊन उठू नका. तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आजीसमोर खाली बसा, दोन शेंगा तुम्हीही सोला, आणि तिला बोलू द्या. वर्गणी, बांधकाम, मंडळीतले वाद, हे विषय त्या दिवशी काढू नका. तिने सांगितलेलं रविवारी उदाहरण म्हणून तर मुळीच वापरू नका. एकदा घरातली गोष्ट वेदीवरून ऐकू आली, की ते दार पुन्हा मनापासून उघडत नाही. आणि निघताना तिलाच विचारा, “आजी, आज माझ्यासाठी प्रार्थना कराल का?”