दिवा वीतभर की हातभर?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज एका अगदी लहानशा गोष्टीबद्दल तुमच्याशी बोलणार आहे. घरात वाढणाऱ्या रोपांवर एलईडी दिवा लावायचा असेल, तर तो किती उंचीवर टांगायचा? मालवणच्या किनाऱ्यावर राहून घरात रोपे कशाला वाढवायची, असे तुमच्यापैकी अनेकांच्या मनात येईल. अंगण आहे, परस आहे, आठ महिने कडक ऊन आहे. मलाही पूर्वी कोणी हे सांगितले असते तर मी हसले असते. पण 2021 च्या पावसाळ्यात आमच्या घरी माझ्या सासूबाईंचा जीव टांगणीला लागला होता, आणि सगळे अडले होते ते दिवा कुठे टांगायचा यावर.

त्याचे असे झाले. आमच्या परसात दरवर्षी वायंगणी मिरची होते. भातकापणी झाली की रोपे लावायची, चैत्र-वैशाखात पिकलेल्या मिरच्या खळ्यात वाळवायच्या आणि त्यातल्या निवडक मिरच्यांचे बी राखेत घालून पुरचुंडीत बांधून ठेवायचे. हे बी सासूबाईंनी लग्न होऊन या घरात आल्यापासून सांभाळलेले. आमच्या घरच्या मसाल्याचा रंग आणि चव त्या मिरचीची.

16 मे 2021, रविवार. तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. माडपोफळी मोडल्या, विजेचे खांब आडवे झाले, घरांची कौले पत्त्यांसारखी उडाली. परसातली मिरची तर मातीत गेलीच, पण माळ्यावर ठेवलेली पुरचुंडीही कौले उडाल्यावर भिजली. राख खरवडून, सावलीत सुकवून हाताशी आले ते त्रेचाळीस दाणे. एकदा भिजून सुकलेल्या बियांचा भरवसा किती धरायचा? दिवाळीपर्यंत थांबण्याची सोय नव्हती. सासूबाई म्हणाल्या, “गो बाय, ह्यां बी गेलां तर पुढच्या वर्साक काय लावतलंस?”

म्हणून जूनच्या अखेरीस, भर पावसात, पडवीत ट्रेमध्ये बी पेरले. बाहेर पेरणे शक्यच नव्हते. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. उघड्यावरचे कोवळे रोप त्यात कुजून जाते. पडवीत पाऊस नव्हता, पण उजेडही नव्हता. तेव्हा पडवीच्या वाशाला वीस-वीस वॉटच्या दोन साध्या एलईडी ट्यूब टांगल्या. ट्रेपासून साधारण तीन फुटांवर. पडवी लख्ख उजळली. मी समाधानाने हात झटकले.

त्रेचाळीस दाण्यांतून सव्वीस रोपे उगवली. आणि आठवड्याभरात ती सुतासारखी बारीक, फिकट आणि लांब होत गेली. एका सकाळी पाहते तो सात रोपे आडवी पडलेली. मी उंच वाढली म्हणून कौतुक करत होते, आणि ती बिचारी उपाशी होती. सासूबाईंनी एक नजर टाकून सांगितले, “गो, ती उजेड शोधतत. दिवो खाली घे.”

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. प्रकाशाचा वर्गव्यस्त नियम फळ्यावर कितीदा लिहिला असेन! लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट केले की नवव्या हिश्श्यावर येतो. लांब ट्यूबच्या बाबतीत, तिच्या जवळ असताना, ही घट थोडी सौम्य असते. तिथे अंतर दुप्पट केले की उजेड साधारण निम्मा होतो. हे सगळे माहीत असूनही मी ट्यूब वाशाला टांगली, कारण माझ्या डोळ्यांना पडवी उजळलेली दिसत होती.

इथेच आपण फसतो. अंधारात बाहुली मोठी होते, उन्हात लहान होते, आणि डोळा दोन्हीकडे भागवून घेतो. पण आकडे पाहा. मे महिन्यात दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. पावसाळी दिवशी आमच्या पडवीत मोबाइलवर मोजला तर चारशे भरला. वाशावरच्या दोन्ही ट्यूब लावल्या तरी ट्रेवर तो हजार-बाराशेच्या पुढे जाईना. मिरचीच्या रोपाला दिवसाचे चौदा तास दहा ते पंधरा हजार लक्स तरी पांढरा उजेड हवा. आपल्याला वाचायला पुरतो तेवढ्या उजेडात रोपाचे पोट भरत नाही. मग ते अंगातली सगळी शिदोरी खोडात ओतते आणि उजेड गाठायला वर धावते. दाट बागेतली पोफळ नाही का काठीसारखी सरळ वर जात? फरक इतकाच, की पोफळीला वर ऊन सापडते. माझ्या रोपांना वर वासाच होता.

आता दिवा खाली आणायचा तर दोऱ्या, हुक, शिडी, हा सगळा खटाटोप आला. सासूबाईंनी सोपा उपाय काढला. वादळात उतरलेली मंगलोरी कौले अंगणात रचून ठेवली होती. ट्यूब वाशावरून उतरवून टेबलावर एका पक्क्या आडव्या दांडीला बांधल्या, आणि ट्रे कौलांच्या थप्पीवर ठेवला. रोपांचे शेंडे ट्यूबपासून अर्ध्या-पाऊण वितीवर, म्हणजे चार ते सहा इंचांवर आले. मोबाइलने आता दहा हजारांच्या वर लक्स दाखवले. रोपे जशी वाढतील तसे खालून एकेक कौल काढायचे. दिवा जागचा हलवायचा नाही.

पंधरा दिवसांत खोडे जाड झाली, पाने हिरवीगार झाली. एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते! पण आमचा पुण्याचा भाचा हौशी. त्याने कुरियरने एक ‘ग्रो लाइट’ पाठवला. चौकोनी पत्रा, त्यावर शेकडो दाणे. खोक्यावर एक हजार वॉट छापलेले, आत बारीक अक्षरात प्रत्यक्ष वीज शंभर वॉट. ट्यूबला पाऊण वीत लागली म्हणून मी हा दिवाही तितक्याच उंचीवर लावला. पाचव्या दिवशी शेंड्याची पाने पांढुरकी पडली, कडा वर वळल्या. मला वाटले खत कमी पडले. म्हणून शेणाचे पाणी घातले. आणखी दोन रोपे गेली.

खताची उणीव आणि दिव्याचा चटका यांतला फरक मला तेव्हा कळला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. नत्र कमी पडले की आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात, कारण रोप त्यांच्यातले अन्न काढून शेंड्याला देते. दिवा जवळ आला की दिव्याला सर्वांत जवळचे, म्हणजे शेंड्याचे पान आधी पांढरे पडते. मिरचीचे वरचे पान बिघडले तर आधी दिव्याकडे पाहा, मग खताकडे.

आणखी एक सवय मोडावी लागली. जुन्या पिवळ्या बल्बखाली हात धरून पाहायची पद्धत होती. हाताला चटका बसला नाही की अंतर बरोबर. एलईडीत उष्णता पत्र्याच्या पाठीकडे जाते, पुढे उजेडच अधिक येतो. हाताला काही जाणवत नाही आणि पान मात्र करपते. हात धरून पाहायला हरकत नाही. गरम लागले तर दिवा नक्कीच जवळ आहे. पण गरम लागले नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

तर मग उंची किती? मी जी मापे वापरते ती सांगते, लिहून घ्या. वीस वॉटची साधी पांढरी ट्यूब असेल तर शेंड्यापासून अर्धी ते पाऊण वीत. नऊ-बारा वॉटचा साधा बल्ब असेल तर एक वीत, आणि त्याखाली दोन-तीन कुंड्याच. शंभर वॉटचा पत्रा असेल तर सुरुवात दीड हातावर, रोपे रुळली की दर चार दिवसांनी दोन-दोन इंच जवळ आणत हातभरापर्यंत. मनीप्लांटसारख्या, कमी उजेडात राहणाऱ्या शोभेच्या झाडांना याच्या दुप्पट अंतर चालते. माप कुंडीच्या काठापासून घेऊ नका, शेंड्यापासून घ्या. रोप वाढते, तसे अंतर रोज कमी होत असते. दिवा नवा आणि जोरदार असेल तर लांबून जवळ या. लांबलेले रोप सावरता येते, कोवळा शेंडा करपला तर तो परत येत नाही. आणि दिव्याच्या मधोमध उजेड जास्त, कडेला कमी, म्हणून ट्रे एक दिवसाआड फिरवा.

जांभळा दिवा घ्यावा की पांढरा, असे बरेचजण विचारतात. पानातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश अधिक शोषते, म्हणून ते जांभळे दिवे निघाले. पण पांढऱ्या एलईडीतही दोन्ही रंग असतात. मुळात निळ्या दाण्यावर पिवळा लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. निळा एलईडी साधणाऱ्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पांढऱ्या उजेडात पानाचा खरा रंग दिसतो, दुखणे लवकर कळते. मोबाइलचे लक्स मापनही पांढऱ्या दिव्याखालीच अंदाजाला बरे. जांभळ्या दिव्याखाली त्या आकड्यावर विसंबू नका.

दिवा चौदा-पंधरा तास, मग रात्रभर अंधार. रोपालाही विश्रांती हवी. दोन ट्यूबना दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. आमच्याकडे पावसात वीज जाणे नवे नाही. एखादा दिवस दिवा लागला नाही तर घाबरू नका, आणि भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दिवा जवळही आणू नका. मात्र पाणी घालताना बटण बंद करा. दमट पडवी, ओले हात आणि उघडी वायर यांची गाठ पडू देऊ नका. जोड ट्रेच्या वर ठेवू नका, बाजूला आणि उंच ठेवा.

शेवटची परीक्षा असते रोपे बाहेर काढताना. दहा हजार लक्समध्ये वाढलेले पान एकदम लाखाच्या उन्हात नेले तर एका दुपारीत भाजते. आपल्याकडे कोयकलमे करणारे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. आंब्याचे नवे कलम सावलीत ठेवतात आणि हळूहळू उन्हाला आणतात. मीही तेच केले. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला तेव्हा रोपे आधी पडवीच्या कडेला, मग माडाच्या सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन तास, असे दहा दिवस. त्यानंतरच परसात लावली.

त्रेचाळीस दाण्यांतून शेवटी चौदा झाडे उभी राहिली. जी गेली त्यांतली नऊ माझ्या चुकीने गेली, सात दिवा उंच ठेवल्याने आणि दोन दिवा जवळ आणल्याने. पण चौदा झाडे बियाण्याला पुरेशी असतात. 2022 च्या एप्रिलमध्ये खळ्यात पुन्हा लाल मिरची पसरली. सासूबाईंनी तिच्यातल्या निवडक मिरच्या स्वतः बाजूला काढल्या, बी राखेत घातले आणि या वेळी एकाऐवजी चार पुरचुंड्या बांधल्या. मला म्हणाल्या, “ह्यां बी आता एकाच घरात ठेव नको.” एक आमच्याकडे राहिली, तीन वाडीतल्या तीन घरी गेल्या.

ट्यूब मी अजून काढलेल्या नाहीत. जूनमध्ये पडवीत पुन्हा टेबल लागते, आणि खालची कौले अजून तीच, वादळातली आहेत.