सरहद्दीवरचे कारखाने



मेक्सिकोच्या उत्तर सरहद्दीवर सिउदाद ह्वारेस हे शहर आहे. नदीपलीकडे अमेरिकेचं एल पासो. तिकडून ट्रकमधून सुटे भाग येतात, इकडे ते जोडले जातात आणि तयार माल पुलावरून परत जातो. माल बाहेरच जायचा असल्यामुळे येताना जकात नाही. अशा कारखान्यांना तिथे ‘माकिलादोरा’ म्हणतात.

हे सुरू झालं बेकारीतून. 1942 पासून अमेरिका शेतमजुरीसाठी मेक्सिकन पुरुषांना करारावर नेत असे. 1964 साली ती योजना बंद पडली, माणसं सरहद्दीवर अडकली. त्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून 1965 मध्ये मेक्सिकोने हे कारखाने येऊ दिले. आणि काम मिळालं कुणाला? तरुण मुलींना! सुरुवातीच्या काळात दहातल्या आठ कामगार बायका होत्या. त्यांची बोटं चपळ, असं मालक सांगत. मला विचाराल, तर मुलगी कमी पगारात राबते आणि युनियनच्या वाटेला जात नाही, हा खरा हिशेब होता. आपल्या अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-वसाहतीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतही, मुलींचीच भरती का झाली याचं उत्तर फारसं वेगळं नसावं.

1994 साली अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापाराचा नाफ्टा करार लागू झाला. त्याच डिसेंबरात पेसो कोसळला, मजुरी डॉलरमध्ये आणखी स्वस्त झाली आणि कारखान्यांची रीघ लागली. 2000 साली कामगार तेरा लाखांवर गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली, चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरला आणि दोनएक वर्षांत दोन लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या. शिवणकामाला मोठा फटका बसला. मोटारीच्या वायरिंग हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या जुडग्यांचं, काम मात्र टिकून राहिलं. प्रत्येक मॉडेलची हार्नेस निराळी. खुंट्या मारलेल्या फळीवर वायरी अंथरून हातानेच टेप गुंडाळायची, आणि माल वेळेवर पोचायचा. चीनहून बोटीने येईतो मोटारींची असेंब्ली लाइन थांबेल. मोटारींच्या कामाबरोबर पुरुषही मोठ्या संख्येने आले.

पगाराचं काय? तो वर्षानुवर्षं जागचा हलला नाही. 2019 च्या जानेवारीत सरकारने सरहद्दीवर किमान वेतन दुप्पट केलं, रोज 176 पेसोंवर नेलं. सरहद्दीवरच्याच मातामोरोस शहरातल्या कामगारांनी आपले जुने करार उघडून पाहिले. किमान वेतन वाढलं की आपलाही पगार वाढेल, असं कलम त्यांत होतं! युनियनचे पुढारी कचरत होते, तेव्हा कामगारच पुढे झाले आणि हजारोंनी संप केला. मागणी होती वीस टक्के वाढ आणि बत्तीस हजार पेसो बोनस. बहुतेक कारखान्यांनी ती मान्य केली. काहींनी नंतर माणसं कमी केली.

2023 साली अमेरिकेला माल विकण्यात मेक्सिकोने चीनला मागे टाकलं. त्यानंतर ह्वारेसमधल्या नोकऱ्या मात्र हजारोंनी घटल्या. पेसो वधारला, मजुरी महागली आणि हार्नेसची काही कामं आणखी स्वस्त जागा शोधायला निघाली.