"लांब आहे" म्हणून चालणार नाही, मोजून दाखवा

(दुबईतल्या एका लेबर कॅम्पमध्ये सुट्टीच्या दिवशी केलेलं बोलणं)



सोनापूर असो, अल कूझ असो की जबल अली, कॅम्पमध्ये तक्रार एकच: दुकान लांब आहे. पण लांब म्हणजे किती? साईटवर "भिंत जरा वाकडी वाटते" म्हटलं तर कोणी ऐकत नाही. ओळंबा लावून किती मिलिमीटर ते दाखवावं लागतं. इथंही तसंच आहे.

शहरं आखणारे लोक हेच मोजतात. घरातून पायी पंधरा मिनिटांत किराणा, मेडिकल, दवाखाना, बस स्टॉप यांतलं काय काय गाठता येतं? माणूस साधारण मिनिटाला ८० मीटर चालतो, म्हणजे ४०० मीटरला पाच मिनिटं. गफलत होते ती अंतर धरण्यात. समजा, मोबाईलच्या नकाशावर सुपरमार्केट सरळ रेषेत ५०० मीटरवर दिसतं. पण मध्ये हायवे आहे आणि पादचारी पूल एक किलोमीटर पुढे. पुलापर्यंत जा, पलीकडून तेवढंच मागे या. झाले अडीच किलोमीटर, म्हणजे अर्धा तास. कागदावर मात्र सहा मिनिटं! म्हणूनच आपली पोरं रस्ता मधूनच ओलांडतात. त्याला दंड होतो, आणि जीव गेला तर त्याची भरपाई कशानेच नाही.

तेव्हा मोजायचं असं:

१. कॅम्पचं गेट म्हणजे शून्य. तिथून प्रत्यक्ष चालून मोजा, पूल आणि सिग्नलवरूनच.

२. किराणा, मेडिकल, दवाखाना, पैसे पाठवायचं एक्स्चेंज, बस स्टॉप, या पाच जागा घ्या.

३. साईटवरून बस परत येते त्या वेळेला मोजा. तेव्हा दवाखाना बंद होत असेल, तर तो शेजारी असून काय उपयोग?

४. बसने जात असाल तर स्टॉपवर थांबलेली मिनिटंही धरा.

५. वाटेत सावली आणि दिवे आहेत का, ते लिहा. जुलैच्या उन्हातला अर्धा तास वेगळा असतो.

आता पैशाचं. नोल कार्डावर एका झोनमध्ये ३ दिरहॅम, जाऊन-येऊन ६. कॅम्पमधला दुकानदार वस्तूमागे २ दिरहॅम जास्त लावत असेल, तर तीनपेक्षा कमी वस्तूंसाठी बाहेर जाणं आतबट्ट्याचं. म्हणून आपण जास्त दर मुकाट देतो. खोलीतल्या सगळ्यांची एकच यादी करून एकाने जा, तेवढं तरी वाचेल.

राहायची जागा आपण निवडली नाही, कंपनीनं दिली. म्हणून मोजलेलं सगळं एका पानावर लिहून कॅम्प बॉसला आणि ऑफिसला द्या. भाषा साधी ठेवा: "दवाखाना पायी इतकी मिनिटं. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गाडी मिळावी." एकट्याच्या नावाने नको, सगळ्या खोल्यांकडून द्या. तारीख घाला आणि पानाचा फोटो जवळ ठेवा.

तक्रारीला "बघू" म्हणून वाटेला लावता येतं. आकड्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.