अनुत्तीर्ण वैमानिकाचा पुनरारंभ



ठाणे जिल्ह्यात कल्याणजवळ नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी झाली. त्या परिसरातील मुलाने वैमानिक होण्याची इच्छा सांगितल्यास त्यास अपयशाचीही ओळख करून द्यावी. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. हवामानशास्त्रादी लेखी विषयांत शेकडा ७० गुण हवेत. मात्र एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झालेल्यास तेवढाच विषय पुन्हा देता येतो. मुदतीत इतर विषयांचे यश कायम राहते.

डॉ. अब्दुल कलाम हवाईदलाच्या निवडीत २५ जणांत नववे आले. जागा आठच होत्या. ते विमानविद्येतच राहिले आणि ८ जून २००६ रोजी, राष्ट्रपती असताना, पुण्याहून सुखोई विमानातून आकाशात गेले.

म्हणून मुलास नुसते ‘अनुत्तीर्ण’ म्हणू नये. कोठे चुकले, ते दाखवावे. पुनरारंभ तेथूनच होतो.