पहिली पसंती कोणाची?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



'मुली आणि व्यवसाय शिक्षण' असा विषय मला दिला आहे. मी काही अभ्यासक नाही. एका शासकीय आयटीआयमध्ये मी ३१ वर्षं शिवणकामाची निदेशक होते. १९८७ साली लागले, २०१८ साली निवृत्त झाले. तेव्हा आज जे बोलणार आहे ते प्रवेशाच्या टेबलामागे बसून पाहिलेलं आहे. आणि सुरुवातीलाच सांगते, त्यात थोडी कबुलीही आहे.

१९९६ च्या प्रवेशाच्या दिवसांतली गोष्ट. एक मुलगी आईबरोबर फॉर्म द्यायला आली. दहावी पास, गणितात चांगले मार्क. फॉर्मवर पहिल्या पसंतीला तिने 'वीजतंत्री' लिहिलं होतं. म्हणजे इलेक्ट्रिशियन. फॉर्म घेणारे कारकून हसले आणि म्हणाले, "मॅडम, हे जरा तुम्ही बघा." मी तिला बाजूला बसवलं. बोलताना कळलं, की शेतावरच्या मोटारीचा स्टार्टर बिघडला तर घरात हीच तो उघडून बघते. वाडीत कुणाचा फ्यूज गेला की हिला हाक मारतात.

हे सगळं ऐकून मी काय केलं? मी म्हणाले, "अगं, त्या वर्गात एकही मुलगी नाही. दोन वर्षं कशी काढशील? उद्या खांबावर चढायला लावतील. लग्नाचं बघताना घरच्यांनी काय सांगायचं? त्यापेक्षा शिवण घे. घरबसल्या चार पैसे मिळतील." आई लगेच म्हणाली, "बाई सांगतात तेच बरोबर आहे." मुलगी काही बोलली नाही. फॉर्मवरची पहिली पसंती खोडली गेली, आणि ती माझ्याच पेनाने खोडली गेली.

आणखी एक सांगते, म्हणजे कबुली पुरी होईल. शिवणाच्या वर्गातल्या जागा रिकाम्या राहिल्या तर वरून विचारणा व्हायची. ते माझ्या मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही.

ती मुलगी वर्षभर मन लावून शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली. बारा वर्षांनी ती मला बाजारात भेटली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता. ती एका साडीच्या दुकानासाठी घरी फॉल-पिको करत होती, नगावर. दुकानदार भाव ठरवणार आणि सणासुदीला रात्र जागवून काम मागणार. तिने मला चहा पाजला. निघताना म्हणाली, "बाई, मला तुमचा राग नाही. पण तेव्हा तुम्ही एकदा 'जा' म्हटलं असतं ना, तर मी गेले असते."

हे वाक्य मी आज तुमच्यासमोर घेऊन आले आहे.

आपण म्हणतो, मुलीनेच शिवण निवडलं, पार्लर निवडलं. पण पंधरा-सोळा वर्षांची मुलगी फॉर्म भरते तेव्हा निवड कोण करतं? शेवटची एसटी किती वाजता आहे, ते निवड करतं. वर्कशॉपजवळ मुलींसाठी संडास आहे का, ते निवड करतं. 'दोन वर्षं थांबायचं की एका वर्षात उरकायचं' हा लग्नाचा हिशोब निवड करतो. भावाच्या शिक्षणाला किती पैसे ठेवायचे, ते निवड करतं. आणि माझ्यासारख्या, मुलीचं भलंच चिंतणाऱ्या बाया निवड करतात. आता अर्ज ऑनलाइन झाले आहेत. मुलगी घरी असते आणि कॉम्प्युटर सेंटरमध्ये भाऊ किंवा काका विकल्प भरून येतात. पूर्वी निदान खोडलेलं दिसायचं, आता तेही दिसत नाही.

या निवडीचे परिणाम पुढे कसे होतात ते नीट समजून घेऊ या. ड्रेस मेकिंग, शिवण तंत्र, ब्युटी पार्लरचा कोर्स हे ट्रेड एका वर्षाचे. वीजतंत्री, तारतंत्री, फिटर, टर्नर हे दोन वर्षांचे. वर्ष वाचलं म्हणून घरचे खूश होतात. पण दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्या मुलाला पुढे पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. महावितरणची विद्युत सहायकाची भरती निघते, तिला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागतं. शिवणाचं प्रमाणपत्र घेऊन या दारांशी उभं राहता येत नाही. म्हणजे पंधराव्या वर्षी आपण मुलीचा नुसता ट्रेड ठरवत नाही, तिच्या पुढची किती दारं उघडी राहणार तेही ठरवतो. आणि हे तिला कुणी सांगत नाही. त्या दिवशी मीही सांगितलं नव्हतं.

कुणी म्हणेल, सरकारचं धोरणच तसं होतं. तसं नव्हतं. मी नोकरीला लागले त्याच्या आदल्याच वर्षी, १९८६ साली, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. व्यवसाय शिक्षणात 'हे बायकांचं, ते पुरुषांचं' अशी साचेबंद वाटणी मोडायची आणि स्त्रियांना अपारंपरिक व्यवसायांत आणायचं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्याच धोरणात उच्च माध्यमिकच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्क्यांना १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे नेण्याचं उद्दिष्ट होतं. १९९२ साली धोरणात सुधारणा झाली तेव्हा ही मुदत पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलावी लागली. आपल्या राज्यात आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा आहेत, आणि त्या सगळ्या ट्रेडना आहेत. पण फिटरच्या, वेल्डरच्या वर्गाला मुलीच आल्या नाहीत, की त्या जागा शेवटी मुलांना जातात. कागदावर आरक्षण असतं आणि वर्गात मुलगी नसते.

कायद्यानेही मालकांच्या हाती निमित्त दिलं होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात, चालू इंजिनाची साफसफाई किंवा तेलपाणी बाईला करू देऊ नये, असं कलम होतं. रात्रपाळीलाही मनाई होती. हेतू संरक्षणाचा होता. पण कामावर घ्यायची वेळ आली की मालक म्हणायचा, "बाईला हे चालत नाही, ते चालत नाही, मग मी मुलगाच घेतो." २०२० च्या संहितेत रात्रपाळीची सरसकट मनाई काढून बाईची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था अशा अटी घातल्या गेल्या. अटी लिहिल्या गेल्या, पण त्या पाळल्या जातात की नाही हे बघायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे आपण.

'बायकांना यंत्राची सवय नाही' असं मी स्वतः वर्षानुवर्षं ऐकलं आणि बोललेही. पण आपलाच इतिहास काय सांगतो? पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता. तिथे विधवा, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली शिशाचे खिळे जुळवत होत्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं आणि १९२४ साली बाहेर आलं. अलीकडचं बघा. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतली. १९८९ साली त्या मध्य रेल्वेत सहायक इंजिनचालक झाल्या, आणि ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली. सवय कामाने होते. आधी सवय दाखवा मग काम देतो, हा न्याय मुलांना कुणी लावत नाही.

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. शिवणकाम हलकं आहे असं मी म्हणत नाही. आयुष्यभर मी तेच शिकवलं. अंगावर नीट बसणारं ब्लाऊज बेतायला भूमिती लागते, हात लागतो, नजर लागते. पण बाजारात बघा. दुकान पुरुषाचं, कात्री पुरुषाच्या हातात, आणि त्याला आपण 'मास्तर' म्हणतो. काज-बटण, हुक, तुरपाई, फॉल ही कामं बायकांच्या घरी जातात, नगावर. कौशल्य तेच, पण बाईच्या हातात आलं की त्याचा 'फावला वेळ' होतो. १९८८ साली इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा 'श्रमशक्ती' अहवाल आला. घरी बसून उक्त्यावर काम करणाऱ्या बायका या कामगारच आहेत, हे त्याने ठासून मांडलं. म्हणून शिवण शिकणाऱ्या मुलीलाही आपण कापणी, हिशोब, दर ठरवणं, दुकान चालवणं शिकवायला हवं. 'घरबसल्या' हा शब्द आपण आता टाकून देऊ या. घरी बसून कुणी काम करत नाही. काम करतं ते बारा-बारा तास मान मोडून करतं.

आता दुसऱ्या मुलीची गोष्ट. २०१४ साली एक मुलगी तारतंत्रीसाठी आली. तोवर मला बाजारातलं ते वाक्य सहा वर्षं पुरलं होतं. मी म्हणाले, "जा." पण नुसतं 'जा' म्हणून भागत नाही, हे मला पुढच्या महिन्यातच कळलं. वर्गात ती एकटी. प्रात्यक्षिकाला मुलं पक्कड, टेस्टर हातात घ्यायची आणि हिला वहीत आकृत्या काढायला बसवायची. निदेशक वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटायचं, मुलीला शॉक बसला तर जबाबदारी कुणाची? ती एकदा रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला शिवणात बदलून द्या."

तेव्हा गावातल्या महिला मंडळाच्या दोघीजणी माझ्याबरोबर प्राचार्यांकडे आल्या. भांडण केलं नाही. तीनच मागण्या केल्या: प्रात्यक्षिकात प्रत्येकाची पाळी लिहून लावा, वर्कशॉपच्या बाजूचा बंद पडलेला संडास चालू करा, आणि पुढच्या वर्षी निदान तीन मुली एकत्र या ट्रेडला घ्या. पहिल्या दोन गोष्टी महिन्याभरात झाल्या. तिसरीसाठी आम्ही उन्हाळ्यात आजूबाजूच्या शाळांत गेलो आणि दोन मुली मिळाल्या.

ती पास झाली. पण शिकाऊ उमेदवारीला एका ठिकाणी सुपरवायझर वेडंवाकडं बोलू लागला. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात शिकाऊ उमेदवारही येतात, हे तिला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मंडळातल्या एकीने कायदा वाचून दाखवला. लेखी तक्रार गेली आणि त्या माणसाला तिथून हलवलं. आज ती मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करते. पगार मुलांपेक्षा कमी आहे आणि त्यावरून तिचं मालकाशी भांडण चालू आहे. तेव्हा ही विजयाची गोष्ट म्हणून मी सांगत नाही. पण आता ती भांडते आहे ती स्वतःच्या कामाच्या दामासाठी.

तर कार्यकर्त्या म्हणून आपण काय करायचं? मला सुचतं ते सांगते.

दहावीच्या निकालानंतर पुढचा महिनाभर आपल्या केंद्रात एक टेबल मांडा. मुलीचा अर्ज मुलीसमोर भरा, आणि पहिला विकल्प तिला स्वतःच्या हाताने भरू द्या. कोणता ट्रेड किती वर्षांचा, त्यानंतर कुठे जाता येतं, हे एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. त्याआधी आठवी-नववीच्या मुलींना एकदा आयटीआयचं वर्कशॉप दाखवून आणा. जिने लेथ कधी पाहिलाच नाही ती टर्नर कशी निवडणार? एकटी मुलगी पाठवू नका, दोघी-तिघी मिळून पाठवा. तीस टक्क्यांतल्या किती जागा भरल्या आणि किती मुलांना गेल्या, हे दरवर्षी माहितीच्या अधिकारात विचारा. शिकाऊ उमेदवारीच्या जागी संडास आहे का, छळाविरुद्धची समिती आहे का, ते जाऊन बघा. लहान दुकानात समिती नसते, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे प्रत्येक मुलीला सांगा. आणि आईशी बोला. आई मुलीची वैरीण नसते. तिला भीती असते, आणि त्या भीतीचं उत्तर भाषणाने मिळत नाही, सोबतीने मिळतं.

एवढं करूनही एखादी मुलगी म्हणेल, मला शिवणच आवडतं. मग तिला आनंदाने शिवण घेऊ द्या. तेव्हा ती निवड तिची असेल.

शेवटी पुन्हा त्या पहिल्या मुलीकडे येते. तिची मुलगी आता मोठी झाली आहे. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी प्रवेशाच्या टेबलाशी ती मायलेकींची जोडी उभी होती. मी काही विचारायच्या आत आईच म्हणाली, "बाई, हिला काय हवं ते आधी हिला विचारा." मी विचारलं. मुलगी म्हणाली, "फिटर." मी पेन खाली ठेवलं आणि फॉर्म तिच्यापुढे सरकवला.