रानडुकराचा प्रश्न दिल्लीत विचारायचा कसा?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज खासदाराविषयी बोलायचे आहे. शिव्या द्यायला मी उभा नाही. त्या पारावर रोजच चालतात आणि त्याने खासदाराचे वजन छटाकभरही कमी होत नाही. आपण ज्याला निवडून दिल्लीला धाडतो, त्याच्याकडून तिथे नेमके कोणते काम करून घ्यायचे आणि ते कसे करून घ्यायचे, हा आजचा विषय आहे.

खासदार गावात आला की आपण काय मागतो? समाजमंदिर, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीचे शेड. त्याला वर्षाला पाच कोटींचा निधी असतो हे सगळ्यांना पाठ आहे. तो लग्नाला आला, तेरवीला येऊन बसला, की माणूस चांगला. पण १९९३ साली ही निधीची योजना निघाली, त्याआधीही खासदार होतेच की. तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दिवा नव्हता. एकच हत्यार होते, ते म्हणजे सभागृहात उभे राहून मंत्र्याला विचारणे. ते हत्यार आजही आहे, आपण ते मागायचे मात्र विसरलो.

एका माणसाच्या प्रश्नाने काय होते ते जुन्या जाणत्यांना आठवत असेल. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहिया पोटनिवडणुकीत निवडून लोकसभेत गेले. पंडित नेहरूंसमोर उभे राहून त्यांनी सांगितले की या देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. नेहरू म्हणाले, पंधरा आणे. नियोजन मंत्री नंदांनी हिशेब करून साडेसात आणे सांगितले. आता बघा, तीन आणे खरे की साडेसात, हा वाद बाजूला ठेवा. पंधराचे साडेसात तिथल्या तिथे झाले ना? लोहियांचा हिशेब काही आकाशातून पडलेला नव्हता. तो सरकारी आकडेवारीवरूनच मांडलेला होता. मजुराच्या चुलीचा हिशेब देशाच्या पंतप्रधानाला द्यावा लागला, ही त्यातली गोष्ट.

दुसरे उदाहरण त्याही आधीचे. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे शेअर का घेतले, असा प्रश्न लोकसभेत आला. पाठोपाठ फिरोज गांधींनी तो विषय धसाला लावला. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारींना घरी जावे लागले. तेव्हा 'आमचा खासदार सत्ताधारी पक्षाचा, तो कसा बोलणार' हे कारण कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका.

या हत्याराला गंजही चढला आहे, तेही सांगितले पाहिजे. पैसे घेऊन प्रश्न विचारले म्हणून डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांना संसदेतून काढून टाकले. म्हणजे व्यापाऱ्या-कारखानदारांना प्रश्नाची किंमत कळते. कळली नाही ती फक्त आपल्याला.

आता आपल्या बांधावर येऊ. गेल्या काही वर्षांत ज्वारी का मोडली? भाव नाही हे एक. पण कितीतरी गावांत बायाबापड्यांना विचारा, त्या सांगतील की राखण होत नाही. कणसात दाणा भरला की वरून पाखरे आणि खालून रानडुक्कर. एका रात्रीत अर्धा एकर आडवे. रोह्यांचा कळप कपाशीतून गेला की बोंडे तर जातातच, पऱ्हाटीही मोडते. मचाणावर रात्र काढायची, सकाळी वेचणीला जायचे, असे किती दिवस चालेल? म्हणून ज्वारी गेली, ज्वारीबरोबर कडबा गेला आणि कडब्याबरोबर बैल गेला. एवढी मोठी ही गोष्ट आहे. पण तलाठी म्हणतो वनखात्यात जा, वनखाते म्हणते पंचनाम्याला माणूस नाही, आमदार म्हणतो हा केंद्राचा कायदा आहे, आणि खासदार म्हणतो शेती हा राज्याचा विषय आहे.

यात खोटे कोण बोलतो? गंमत अशी, की तांत्रिकदृष्ट्या कोणीच खोटे बोलत नाही. शेती घटनेप्रमाणे राज्याच्या यादीत आहे. वन्यप्राण्यांचे रक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीने केंद्र आणि राज्य या दोघांच्या सामाईक यादीत गेले. कायदा १९७२ चा, संसदेने केलेला. त्याच्या ६२ व्या कलमाप्रमाणे एखादा प्राणी एखाद्या भागात ठरावीक मुदतीपुरता उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा. मात्र ११ व्या कलमाप्रमाणे उभ्या पिकाला धोका करणाऱ्या प्राण्याला मारायची लेखी परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला देता येते. आपला प्रश्न या दोन कलमांच्या मधल्या धुऱ्यावर पडलेला आहे, आणि धुऱ्यावरची जागा दोन्ही भावांपैकी कोणीच निंदत नाही.

बिहारमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये काही जिल्ह्यांपुरते रोही आणि रानडुक्कर वर्षभरासाठी उपद्रवी जाहीर झाले. २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुकरांच्या बाबतीत तसेच झाले. राज्याने प्रस्ताव पाठवला आणि केंद्राने अधिसूचना काढली. केरळची कथा वेगळी आहे आणि मला ती जास्त शिकवणारी वाटते. केरळच्या खासदारांनी रानडुकराचा विषय संसदेत पुन्हा पुन्हा उभा केला. केंद्राने उपद्रवी जाहीर करायला नकार दिला आणि सांगितले की अधिकार तुमच्या राज्याच्या वन्यजीव रक्षकाकडे आहेतच, ते वापरा. केरळने मे २०२२ मध्ये काय केले? पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराला मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या अध्यक्षांपर्यंत खाली आणले. दिल्लीने 'नाही' म्हटले, पण त्या 'नाही'तच रस्ता लिहिलेला होता. लेखी उत्तर हातात असले की मुंबईतल्या मंत्र्याला दिल्लीकडे बोट दाखवता येत नाही.

कोणी म्हणेल, परवानगीचा कागद मिळाला तरी बंदूक कुठे आहे आपल्याकडे? बरोबर आहे. म्हणून तोही प्रश्नच आहे, तोही लिहा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्यात धरले जाईल. बहात्तर तासांत मोबाईलवरून फोटोसह कळवायचे. कोणते प्राणी आणि कोणते भाग, ती यादी मात्र राज्याने द्यायची. म्हणजे पुन्हा धुरा आला. ही यादी आपल्या राज्याने दिली का, तिच्यात आपला तालुका आहे का, हे आमदाराने विधानसभेत विचारायचे. आणि विम्याचा पैसा किती शेतकऱ्यांना, किती दिवसांत मिळाला, हे खासदाराने लोकसभेत विचारायचे. एकाचा प्रश्न दुसऱ्याला दिला की तो नियमाच्या चाळणीतून खाली पडतो आणि आपण म्हणतो, बघा, काही केले नाही.

आता कपाशी. इथे तर धुरा नाहीच, सगळा मामला दिल्लीचा. आयातीवरचा कर दिल्लीचा, हमीभाव दिल्लीचा, खरेदी करणारे कापूस महामंडळही दिल्लीचे. २०२५ साली काय झाले ते तारखांसह लक्षात ठेवा. २०२१ पासून कापसाच्या आयातीवर अकरा टक्के कर होता. १९ ऑगस्ट २०२५ पासून तो ३० सप्टेंबरपर्यंत माफ केला. संसदेचे अधिवेशन २१ ऑगस्टला संपले. २८ ऑगस्टला माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपली पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे, दिवाळीला पैसा लागतो, आणि कापूस घरात यायच्या वेळी बंदराचा दरवाजा सताड उघडा. मध्यम धाग्याचा हमीभाव त्या हंगामात ७,७१० रुपये होता आणि लांब धाग्याचा ८,११०. खेडा खरेदीत तुम्हाला काय मिळाले ते तुम्हीच सांगा. हिवाळी अधिवेशन सुरू झाले १ डिसेंबरला. म्हणजे मुदतवाढीपासून तीन महिने सभागृहाला कुलूप होते. विचारणार कोण आणि कोणाला?

यातून एक हिशेब शिका. संसदेची तीन अधिवेशने, आपले हंगामही ठरलेले, पण दोघांची गाठ पडत नाही. कापूस निघतो तेव्हा सभागृह बंद असते. म्हणून खरेदी केंद्रांचा प्रश्न पावसाळी अधिवेशनात, जुलै-ऑगस्टमध्येच विचारला गेला पाहिजे. प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे ऐन पेरणीच्या धांदलीत तुम्हाला दिवाळीच्या कापसाचा प्रश्न लिहून खासदाराच्या हातात द्यायचा आहे. तिफण धरलेल्या माणसाला हे कठीण आहे, मला ठाऊक आहे. म्हणूनच ही बैठक आज आहे.

प्रश्नाचे प्रकार थोडक्यात सांगतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. लोकसभेत असे दिवसाला वीसच प्रश्न लागतात, तेही चिठ्ठ्या काढून, आणि त्यातले थोडेच प्रत्यक्ष पुकारले जातात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. मला विचाराल तर आपल्या कामाचा अतारांकितच. भाषण टीव्हीवर दिसत नाही, पण कागद हाती येतो. शिवाय नियम ३७७ खाली अडीचशे शब्दांपर्यंतचे निवेदन मांडता येते आणि शून्य प्रहरात तातडीचा विषय काढता येतो. खासगी विधेयकाचा रस्ता मोठा आहे. २०१८ साली खासदार राजू शेट्टींनी कर्जमुक्तीचे आणि हमीभावाच्या हक्काचे अशी दोन विधेयके लोकसभेत मांडली. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालेले नाही, हे ठाऊक असू द्या. तो वाद पेटवण्याचा मार्ग आहे, कायदा करण्याचा क्वचितच.

सर्वांत कामाची गोष्ट पुढे आहे. मंत्री म्हणतो, 'विषय विचाराधीन आहे' किंवा 'माहिती गोळा करून सभागृहापुढे ठेवली जाईल', तेव्हा आपण समजतो की वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. तसे नाही. संसदेच्या हिशेबात ते आश्वासन ठरते. त्याची नोंद होते, ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते आणि त्यावर लक्ष ठेवायला खासदारांची आश्वासन समिती आहे. सावकाराने दिलेली चिठ्ठी आपण जपून ठेवतो की नाही? तशीच ही जपायची आणि मुदत भरली की खासदाराला घेऊन वसुलीला जायचे. खासदार ऐकतच नसेल तर लोकसभेच्या याचिका समितीकडे नागरिकालाही अर्ज करता येतो, फक्त तो अर्ज सभागृहात मांडायला एखाद्या खासदाराची सही मिळवावी लागते. आपल्याच मतदारसंघाचा खासदार हवा असे नाही. राज्यात अठ्ठेचाळीस आहेत, एक तरी मिळेल.

प्रश्न लिहिताना 'शेतकऱ्यांवर अन्याय होतो हे खरे आहे काय' असे लिहू नका. त्यावर 'नाही, महोदय' एवढेच उत्तर येते. प्रश्न साधारण दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयाचा आणि आकडा मागणारा हवा. मत मागितले की मंत्री निसटतो, तारीख मागितली की अडकतो. कापसाचा प्रश्न असा लिहिला आहे, ऐका :

'वस्त्रोद्योग मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (एक) मागील तीन हंगामांत महाराष्ट्रात भारतीय कापूस महामंडळाने जिल्हावार किती खरेदी केंद्रे मंजूर केली व प्रत्येक केंद्रावर प्रत्यक्ष खरेदी कोणत्या तारखेस सुरू झाली, (दोन) प्रत्येक केंद्रावर बारा टक्क्यांहून अधिक ओलाव्याच्या कारणाने किती कापूस नाकारला, (तीन) नोंदणी केलेल्या किती शेतकऱ्यांचा कापूस खरेदी झाला नाही, (चार) विकलेल्या कापसाचे पैसे सरासरी किती दिवसांत खात्यात जमा झाले?'

मंजूर आणि सुरू यांत किती अंतर असते ते जिनिंगच्या दारात बैलबंडी लावून बसलेल्याला सांगायला नको. म्हणून पहिल्या कलमात तारीख मागितली आहे. ओलाव्याचे दुसरे कलम कोणी गाळायला सांगेल, ते गाळू देऊ नका. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात आणि त्यापुढे परत. हे यंत्र कोणी तपासले, हे उपप्रश्नाला ठेवू.

रानडुकराचा प्रश्न पर्यावरण मंत्र्यांना आहे. महाराष्ट्राकडून ६२ व्या कलमाखाली प्रस्ताव आला काय, कोणत्या तारखेस, आणि त्यावर काय निर्णय झाला. एवढाच. त्याचे उत्तर आले की दुसरा प्रश्न विधानसभेसाठी तयार ठेवायचा : ११ व्या कलमाखाली किती अर्ज आले आणि किती परवानग्या दिल्या, तालुकावार.

पण सरकारने आकडे दिले तर ते तपासायला आपले आकडे हवेत. लोहियांकडे ते होते म्हणून पंधराचे साडेसात झाले. तेव्हा गावोगावच्या कार्यकर्त्यांनी महिनाभरात एवढे करायचे. रानडुकराने आणि रोह्याने केलेले नुकसान गट क्रमांक, तारीख, पीक आणि अंदाजे क्षेत्र घालून वहीत उतरवायचे. पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत जोडायची, झाला नसेल तर अर्ज कधी दिला ती तारीख लिहायची. कापूस परत आला असेल तर केंद्राचे नाव, दिवस आणि सांगितलेला ओलावा लिहायचा. ज्वारी कोणत्या वर्षी सोडली आणि का सोडली, हे बायांना विचारून लिहा, राखण त्यांनी केली आहे. वाढवून लिहू नका. एक खोटा आकडा सापडला की उरलेले खरेही बाद होतात.

दोन्ही प्रश्नांच्या छापील प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, कोऱ्या वह्याही तिथेच आहेत. तालुकाप्रमुखांनी सही करून घेऊन जाव्यात. भरलेल्या वह्या पुढच्या बैठकीला परत आणायच्या आणि त्यातून तयार झालेले निवेदन घेऊन पाच माणसे खासदारसाहेबांकडे जातील. त्यात दोन तरी बाया असाव्यात. कोण जाणार ती नावे आज, जेवणाआधी ठरवून टाकू.