सुधारणा घाटाखालीच का थांबल्या?

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, 17 सप्टेंबर रोजी, अजिंठा येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



सकाळी झेंडावंदन झाले, पोरांना खाऊ मिळाला, घोषणा झाल्या. दरवर्षी होते तसे सर्व यथासांग पार पडले. आता दरवर्षी जे बोलायचे राहून जाते ते आम्ही बोलणार आहोत. ऐकायला ते गोड लागेलच असे नाही.

पोरे पुस्तकातून पाठ म्हणतात की इंग्रज सरकारने 1909 साली सुधारणा दिल्या, 1919 साली दिल्या, 1935 साली दिल्या, आणि 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला. यात खोटे काही नाही. परंतु या अजिंठा गावात त्यांपैकी एकही गोष्ट त्या त्या साली घडली नाही. मोंटेग्यू साहेबाच्या सुधारणा जळगावास आल्या, जामनेरास आल्या, आणि आमच्या घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबल्या. वर चढल्याच नाहीत. का चढल्या नाहीत, हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक नसेल तर सकाळी केलेले झेंडावंदन त्याच्या पदरात काय टाकणार?

ही सरहद्द आली कोठून ते आधी पाहा. 23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदनजवळ असईला शिंद्यांची फौज आणि इंग्रजांची फौज यांची लढाई झाली. शिंदे हरले. 30 डिसेंबर 1803 रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि त्यात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेचा, गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडला. तो निजामाच्या पदरात पडला. पुढे 1818 साली पेशवाई बुडाली आणि डोंगराच्या उत्तरेचे खानदेश इंग्रजांकडे गेले. फर्दापूर ओलांडून उत्तरेस चालू लागले की मुलूख परका! माती तीच, कापूस तोच, सोयरीक तीच. पण घाटावर हाली सिक्का आणि घाटाखाली कलदार, शंभर कलदाराला एकशे सोळाहून अधिक हाली मोजा, आणि मालावर करोडगिरी भरा ती निराळीच. डोंगरावर रेघ ओढताना आमच्या खापरपणज्यांना कोणी विचारले काय? रयतेला विचारून तह करण्याची चाल ना शिंद्यांकडे होती, ना इंग्रजांकडे, ना निजामाकडे.

तहानंतर सोळा वर्षांनी, 1819 साली, जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या लष्करी अंमलदाराला शिकारीत लेणी दिसली. तेव्हापासून अजिंठा म्हटले की जगाला लेणी दिसतात, गाव दिसत नाही. भिंतीवरची चित्रे जपण्यासाठी निजाम सरकारने 1920 साली इटलीहून कारागीर आणविले. ते चांगलेच केले. पण त्याच सरकारच्या राज्यात खाजगी शाळा काढायची तर परवानगी, सभा भरवायची तर परवानगी. कचेरीची भाषा उर्दू. मराठी शेतकऱ्याच्या शेताचा कागद त्यालाच वाचता येत नसे. वाचून दाखविणारा सांगेल तेवढेच त्यात लिहिलेले! 1951 सालच्या शिरगणतीत हैदराबाद संस्थानात शंभरी दहा माणसेदेखील साक्षर भरली नाहीत. मुंबई इलाख्यात तीच संख्या चोविसाच्या पुढे होती. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर साहेबाच्या कमिशनपुढे मागणे मांडले होते की शिक्षण सक्तीचे करा आणि शिक्षक शेतकऱ्यांच्या जातीतून घ्या. ते मागणे खाली खानदेशात ऐकू तरी गेले होते. येथे कोणाच्या कानी जाणार?

आणखी एक गोष्ट तरुण मंडळींना बहुधा ठाऊक नसते. अजिंठा नुसता निजामाचा नव्हता, तो जहागिरीचा होता. निजामी राज्यात जमीन तीन तऱ्हेची असे. दिवाणी म्हणजे सरकारची, सर्फेखास म्हणजे निजामाच्या खाजगीतली, आणि जवळजवळ एकतृतीयांश जहागीरदारांची. अजिंठा सालारजंग घराण्याकडे होता. त्याच धन्याकडे कोप्पळ आणि येलबुर्गा हे कानडी तालुके आणि कोसगी हा तेलुगू तालुका. तिन्ही ठिकाणच्या रयतेची बोली निराळी. वसुलाची थैली मात्र एकाच देवडीत रिकामी व्हायची. पहिला सालारजंग, मीर तुराब अली खान, 1853 पासून 1883 पर्यंत दिवाण होता. मोठा कर्तबगार मनुष्य. राज्याची घडी त्याने बसविली, हे आम्ही कबूल करतो. त्याच्या नातवाने, तिसऱ्या सालारजंगाने, जगभरच्या वस्तूंचा केवढा तरी संग्रह केला. तो 1949 साली वारला आणि 1951 पासून तो संग्रह हैदराबादेत लोकांना पाहावयास खुला आहे. त्यात आजोबाने रोमहून आणलेली, तोंडावर तलम बुरखा घेतलेली संगमरवरी बाई आहे. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात तर तिकीट काढून अवश्य पाहा. त्या दगडात अजिंठ्याच्या पणज्याचा कापूस आणि कोसगीच्या पणज्याची ज्वारी किती मुरली आहे, याची पाटी तेथे लावलेली नाही.

आता घाटाखाली सुधारणा पोचल्या म्हणजे तेथे काय झाले, तेही पाहू. नाहीतर तेथे नुसती साखर पेरली होती असे तुम्हांस वाटायचे. 1919 च्या कायद्याने मुंबई कौन्सिलाकरिता मत कोणाला? खेड्यापाड्यांत सर्वसाधारण जिल्ह्यात जो 32 रुपये सारा भरील त्याला. म्हणजे मातब्बर पाटलाला. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, मांग, महार, शेतमजूर यांस मत नाही. 1935 च्या कायद्याने ते माप 8 रुपयांवर आले. तरी ज्याच्या नावे जमीनच नाही तो बाहेरचा बाहेरच. मराठे व तत्सम जातींसाठी त्या कौन्सिलात सात जागा राखल्या गेल्या. आमच्या चळवळीच्या मंडळींनी खटपट करून त्या मिळविल्या. त्यातून भास्करराव जाधवांसारखा सत्यशोधक दिवाणगिरीपर्यंत पोचला, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु खरे बोलायचे तर या जागांचा लाभ बहुतेक जमीनजुमलेवाल्यांच्या घरीच गेला. ब्राह्मणेतर हा शब्द मोठा होता आणि त्या शब्दाच्या मंडपात कुंभारही उभा होता. पंगत बसली तेव्हा त्याला पाट मिळाला नाही. हे आमच्याच घरचे गाऱ्हाणे आहे, म्हणून आम्ही आपल्याच लोकांपुढे सांगतो. 1936 च्या डिसेंबरात येथून फार दूर नाही अशा फैजपूरला काँग्रेस भरली. काँग्रेसची खेड्यात भरलेली ती पहिली बैठक. अध्यक्ष पंडित नेहरू. सारा, खंड आणि कर्ज यांविषयी ठराव झाले. या सगळ्यात घाटावरच्या रयतेला भाग नव्हता. तिचे राज्य निराळे.

निजामानेही सुधारणा काढल्या. 1939 साली त्या जाहीर झाल्या. 85 जणांची सभा, त्यातले 42 निवडून यायचे, म्हणजे निम्म्याहून कमीच. मत गावागावाने द्यायचे नाही. जहागीरदारांचे निराळे, वकिलांचे निराळे, व्यापाऱ्यांचे निराळे, शेतकऱ्यांचे निराळे, अशी धंद्यांप्रमाणे वाटणी. जी सभा भरेल तिने सल्ला द्यावा, हुकूम निजामाचा. पुढे महायुद्धाचे निमित्त झाले आणि तेही वर्षानुवर्षे खुंटीला टांगले गेले.

पण त्याच्या आदल्या साली, 1938 च्या शेवटच्या तीन महिन्यांत, जे घडले ते नीट ध्यानात घ्या. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि लोक तुरुंगात गेले. त्यांत स्वामी रामानंद तीर्थ होते. हे स्वामी मूळचे शाळामास्तर, आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग मोमिनाबादेस. म्हणून आमच्या पेशाच्या लोकांना त्यांच्याविषयी जरा जास्तच प्रेम वाटते, त्याला इलाज नाही. नोव्हेंबरात छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, इंटरमीजिएट कॉलेजातील पोरांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला. ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात गेले. पोरांची नावे कमी केली, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना जागा दिली. आणि 30 डिसेंबर 1938 रोजी याच जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात मक्रणपूर येथे, भाऊसाहेब मोरे यांनी अस्पृश्य बांधवांची परिषद भरविली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर तेथे आले.

पहिल्या दोन गोष्टी आजच्या दिवशी प्रत्येक व्यासपीठावरून सांगितल्या जातात. तिसरी सांगितली जात नाही. का? सत्याग्रहींचे मागणे होते की निजामाने रयतेला जबाबदार राज्य द्यावे. मक्रणपूरला जमलेल्या लोकांचे मागणे त्याच्या पलीकडचे होते. जबाबदार राज्य आले तरी गावातला देशमुख, सावकार आणि पाणवठा यांचे काय, हा त्यांचा सवाल होता. वेठ निजाम स्वतः येऊन घेत नव्हता. ती घेणारा माणूस गावातलाच, आपल्याच देवाला नमस्कार करणारा होता. आमच्या मते हा सवाल निजामाच्या सवालाइतकाच मोठा होता, आणि निजामाचा सवाल सुटल्यावरही तो उरला.

पुढची हकीकत तुमच्या घरोघरी म्हाताऱ्यांनी सांगितलेली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. देश स्वतंत्र झाला तरी निजाम सामील झाला नाही. 29 नोव्हेंबर 1947 रोजी जैसे थे करार झाला. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली. माणसे सरहद्द ओलांडून गेली. शेजारच्या जालना भागात धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके या शेतकऱ्याच्या लेकीने रझाकारांशी झुंज घेतली. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारताची फौज आत शिरली आणि 17 तारखेस निजाम शरण आला. तेरा महिने उशिरा, परंतु आमचा 15 ऑगस्ट उगवला.

त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले तेही आजच्या दिवशीच सांगितले पाहिजे, कारण या सभेत आमचे मुसलमान बांधवही बसले आहेत. पिंजारी, मोमीन, कसाब, मजूर, ज्यांनी कधी रझाकाराचा गणवेश डोळ्यांनीही पाहिला नव्हता, अशा हजारो गरिबांचे बळी सूडापोटी गेले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत अधिक. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलालांच्या समितीने हा आकडा 27 ते 40 हजार सांगितला, आणि तो अहवाल कित्येक वर्षे दप्तरात बांधून ठेवला गेला. जहागिरीत मुसलमान विणकर काही जहागीरदाराच्या शेजारी गादीवर बसत नव्हता. तो आपल्या बलुतेदारांच्या रांगेतलाच होता.

1949 च्या ऑगस्टात जहागिरी खालसा झाल्या. 1950 साली कूळकायदा आला. कागदावर कूळ मालक होऊ लागले. परंतु कायदा गावात पोचण्याआधी त्याची बातमी जमीनदाराच्या वाड्यात पोचली. ‘राजीखुशीने जमीन सोडली’ असे लिहून त्याखाली कित्येक कुळांचे अंगठे घेतले गेले. ज्याला वाचता येत नाही त्याची राजीखुशी काय आणि जबरदस्ती काय, दोहोंना अंगठा एकच!

एक गोष्ट मात्र निखालस घडली. 26 जानेवारी 1950 पासून राज्यघटना लागू झाली आणि 1951-52 च्या निवडणुकीत प्रत्येक सज्ञान माणसाला मत मिळाले. खानदेशातल्या बड्या शेतकऱ्याने पहिले मत 1920 साली दिले. अजिंठ्याच्या बड्या शेतकऱ्याला त्यासाठी तीस वर्षांवर थांबावे लागले, ही आमची हार. पण घाटाखालच्या सुताराने आपले पहिले मत केव्हा दिले? त्याच निवडणुकीत. जामनेरच्या शेतमजुराने? त्याच निवडणुकीत. त्यांना जे तीस वर्षांच्या सुधारणांनी दिले नाही ते घटनेने एका दमात दिले, आणि घाटावरच्या पाटलाच्या मताइतक्याच वजनाचे दिले. म्हणून 1919 चे आणि 1935 चे गुणगान ऐकताना कारागिरांनी आपल्या आजोबाचे नाव त्या मतदारयादीत होते काय, एवढे विचारावे.

आता आजच्या दोन कामांकडे वळतो. पहिले ग्रामसभेचे. वर्षाला निदान चार सभा भरल्या पाहिजेत असा कायदा आहे. सभेला परवानगी लागत असे त्या काळात लोक चोरून जमत. आता सभा भरवणे सक्तीचे, तर सतरंजी रिकामी! गावच्या कामांची यादी तेथे वाचली जाते. शाळेच्या छपराचा विषय तेथेच निघेल, पाण्याचाही तेथेच. बायांनी यावे, आणि मागे बसू नये.

दुसरे काम कागदांचे. 2023 पासून निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या कागदांना एकाएकी भाव आला. कुणबी नोंद शोधणाऱ्यांनी ती जरूर शोधावी. परंतु त्याच कागदांत कोणाचे कूळ कोणते होते, कोणत्या बलुतेदाराला इनाम कोणते होते, तेही सापडते, आणि ते कोणी शोधत नाही. तुमच्या पेट्यांत, देव्हाऱ्यामागे, पत्र्याच्या डब्यांत उर्दूतल्या आणि मोडीतल्या पावत्या पडल्या असतील. वाळवी लागण्याआधी त्या बाहेर काढा. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गात घेऊन या. उर्दू जाणणारे दोन वडीलधारे बसायला कबूल झाले आहेत, मोडी आम्हांस थोडी येते. मूळ कागद कोणाच्या हाती ठेवू नका; नक्कल उतरून घेऊ आणि कागद त्याच वेळी ज्याचा त्याला परत देऊ.